मुक्काम पोस्ट अरणगाव, व्हाया लंडन

शुक्रवारची रात्र, कोथरूडमधला एक कॅफे आणि म्युझिक क्विझ. आमची टीम दुसऱ्या नंबरवर, पहिल्या टीमपेक्षा फक्त एक मार्क मागे. शेवटचा प्रश्न ऑडिओ राउंडचा होता. स्पीकरमधून ऑर्गनचे ते सूर सुरू झाले. पाणी उकळायला लागल्यावर बुडबुडे येतात ना, तसे एकामागोमाग एक, न थांबता. पाचव्या सेकंदाला अख्ख्या कॅफेनं ओळखलं. 'द हू'! 'सीएसआय : न्यूयॉर्क' या सीरियलचं टायटल म्युझिक! आमच्या टीममधल्या एकानं तर हवेत गिटार वाजवायला सुरुवातही केली.

"गाणं सगळ्यांना येतं, मला माहितेय," क्विझमास्टर म्हणाला. "प्रश्न वेगळाय. गाण्याचं नाव 'बाबा ओ'रायली'. यातले बाबा कोण आणि त्यांची समाधी कुठं आहे?"

आम्ही लिहिलं, 'सत्यसाईबाबा, पुट्टपर्ती'. चूक! उत्तर होतं, 'मेहेरबाबा, अहमदनगर'.

टेबलावरचे चारही चेहरे माझ्याकडे वळले. "तू नगरची ना गं?"

हो. जन्म नगरचा, शाळा नगरची, बारावी नगरची, घर सावेडीत. मेहेरबाबांचा तो भरघोस मिशांचा, हसरा फोटो मी किराणा दुकानात पाहिलाय, रिक्षाच्या काचेवर पाहिलाय, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही पाहिलाय. पण माझ्या प्लेलिस्टमधलं सगळ्यात जास्त वेळा वाजलेलं गाणं आणि तो फोटो यांचा काही संबंध असेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं. क्विझ तर गेलीच, पण मला दुसरंच काहीतरी लागलं. पुण्यात आल्यापासून 'तू कुठली?' या प्रश्नाला मी 'पुण्याजवळचीच' असं उत्तर देत आलेय. नगर म्हणजे धूळ, दुष्काळ आणि साखर कारखाने. तिथून काही 'कूल' निघू शकतं, यावर माझाच विश्वास नव्हता.

म्हणून हा लेख. थोडा प्रायश्चित्त म्हणून, थोडा तुमच्यासाठी. तुमच्या फोनमध्येही हे गाणं असणारच!

ज्यांची भेटच झाली नाही

आधी बाबांची ओळख. मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म 25 फेब्रुवारी 1894 चा, पुण्याचा. इराणी झोराष्ट्रीय कुटुंब, शिक्षण सेंट व्हिन्सेंट्स आणि डेक्कन कॉलेजमध्ये. म्हणजे आपल्यासारखाच पुण्यात कॉलेज केलेला मुलगा. पुढे पुणे कॅम्पातल्या हजरत बाबाजान, शिर्डीचे साईबाबा, साकुरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासातून तो 'मेहेरबाबा' झाला. शिर्डी आणि साकुरी दोन्ही नगर जिल्ह्यातच. त्यानंतर त्यांनी आश्रमासाठी जागा निवडली तीही नगरजवळची. अरणगावजवळची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली लष्कराची सोडून दिलेली जागा. तिचं नाव पडलं मेहेराबाद.

इथंच 10 जुलै 1925 या दिवशी त्यांनी बोलणं बंद केलं. पुन्हा कधीच बोलले नाहीत. बरीच वर्षं इंग्रजी मुळाक्षरांच्या फळीवर बोट फिरवून संवाद चालायचा, 1954 मध्ये ती फळीही सोडली आणि उरल्या फक्त हातांच्या खुणा. 31 जानेवारी 1969 ला देह ठेवला, तोपर्यंत मौनाला जवळजवळ 44 वर्षं झाली होती.

आता लंडनला जाऊ. पीट टाउनशेंड, 'द हू' या बँडचा गिटारिस्ट आणि गाणी लिहिणारा मेंदू. स्टेजवर गिटार आपटून फोडणारा म्हणून प्रसिद्ध. साठच्या दशकाच्या शेवटी अर्धं रॉक विश्व एलएसडीच्या नादात होतं. त्याच सुमारास मेहेरबाबा मात्र पाश्चात्त्य तरुणांना स्पष्ट सांगत होते, की गोळीत देव सापडत नाही. टाउनशेंडपर्यंत ते पोचलं आणि त्यानं ड्रग्ज सोडली. 1969 च्या मे महिन्यात 'द हू'चा 'टॉमी' हा रॉक ऑपेरा आला. गोष्ट एका आंधळ्या, मुक्या, बहिऱ्या मुलाची. अल्बमच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचं नाव आहे. पण तोवर बाबांना जाऊन चार महिने होत आले होते.

म्हणजे बघा, या दोघांची भेट कधीच झाली नाही. टाउनशेंड पहिल्यांदा नगरला आला तो 1972 मध्ये, समाधीवर. ज्याचा आवाज ऐकायला मिळाला नाही आणि ज्याला समोरून बघायलाही मिळालं नाही, अशा माणसावर संगीत करायचं, हे त्याच्यापुढचं चॅलेंज होतं.

'ओ'रायली' मधला रायली

नावातला दुसरा माणूस कोण? टेरी रायली, जन्म 1935, अमेरिकन संगीतकार. 1969 मध्ये त्याचा 'अ रेनबो इन कर्व्हड् एअर' हा अल्बम आला. दोन बाजू, दोनच तुकडे, गायन शून्य. इलेक्ट्रिक ऑर्गन, हार्पसिकॉर्ड, तालवाद्यं, सगळं एकट्यानं वाजवून एकावर एक रेकॉर्ड केलेलं. छोटे छोटे सूरसमूह फिरत राहतात, एकमेकांत मिसळतात आणि ऐकता ऐकता तुमचा वेळेचा हिशेब चुकतो. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांनी हा अल्बम अक्षरशः पिऊन टाकला. 'कर्व्हड् एअर' नावाच्या ब्रिटिश बँडनं तर नावच तिथून उचललं.

आणि इथं पुन्हा आपला संबंध येतो. 1970 पासून रायली शिष्य झाला तो पंडित प्राणनाथ यांचा. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले. वहीद खाँ आणि मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ हे नात्यानं भाऊ आणि किराणा घराण्याचे दोन खांब. करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. म्हणजे दर डिसेंबरला 'सवाई'ला शाल गुंडाळून बसणारी आपली मंडळी आणि कॅलिफोर्नियाचा हा लांब दाढीवाला ऑर्गनवादक, एकाच झाडाच्या दोन फांद्यांखाली बसलेत! किराणा घराण्याची खासियत म्हणजे एकेका स्वरावर थांबणं. घाई नाही. स्वर पूर्ण उजळल्याशिवाय पुढं जायचं नाही. रायलीला असं थांबण्याची ओढ आधीपासून होती, पंडितजींकडे त्याला गुरू मिळाला.

तो काळच तसा होता म्हणा. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशसाठी कॉन्सर्ट केली. त्याच वर्षी जॉन मॅक्लॉफ्लिनच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'चा 'द इनर माउंटिंग फ्लेम' आला, पूर्ण वाद्यसंगीताचा. 'महाविष्णू' हे नाव त्याला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. पूर्वेकडे पाहणं ही फॅशन झाली होती. सतार आणायची, उदबत्ती लावायची, झाला अल्बम तयार. टाउनशेंडनं यातलं काही केलं नाही. त्याच्या गाण्यात सतार नाही, तबला नाही. मग 'पूर्व' आहे कुठं?

सा, प आणि म

थोडं टेक्निकल होऊ. बोअर करणार नाही, प्रॉमिस.

1970-71 मध्ये टाउनशेंडच्या डोक्यात 'लाइफहाउस' नावाचा भलामोठा प्रोजेक्ट होता. त्यातली एक कल्पना अशी, की माणसाची माहिती यंत्रात घालायची आणि त्यातून फक्त त्याच माणसाचं असं संगीत काढायचं. प्रत्येकाचा आपला एक सूर. कल्पनेच्या मागे सूफी संगीतकार इनायत खाँ यांचं लेखन होतं. हे इनायत खाँसुद्धा गायकवाडांच्या बडोद्याचे. प्रोजेक्ट कोसळला. तो इतका अवघड होता, की बँडमधल्या कुणालाच धड कळला नाही. पण त्यासाठी केलेली गाणी वाचली आणि त्यातून ऑगस्ट 1971 मध्ये 'हूज नेक्स्ट' हा अल्बम झाला. पहिलंच गाणं, 'बाबा ओ'रायली'.

सुरुवातीचे ते सूर सिंथेसायझरचे आहेत असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात ते लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचे आहेत. त्या ऑर्गनवर 'मरिंबा रिपीट' नावाची एक सोय होती. स्वर दाबून धरायचे, बाकीचं टकटक टकटक यंत्र करणार. टाउनशेंडनं घरच्या स्टुडिओत हे वाजवून टेप केलं आणि बँड त्या टेपवर वाजवायला बसला. पुढं कॉन्सर्टमध्येही तीच टेप लावायचे आणि ड्रमर कीथ मून हेडफोन घालून तिच्या मागे धावायचा. रॉकमधला सगळ्यात बेशिस्त ड्रमर, एका न थांबणाऱ्या टेपला बांधलेला. कल्पना करा!

मग येतात ते तीन दणदणीत कॉर्ड. एफ, सी आणि बी फ्लॅट. एफला सा धरा. सी म्हणजे पंचम, बी फ्लॅट म्हणजे मध्यम. सा, प, म. बस! आणि खाली ऑर्गन सा आणि प यांच्याभोवती फिरतच राहतो, वर काहीही होवो. माझ्या कानाला हा तानपुरा वाटतो, फक्त विजेवर चालणारा आणि जरा जास्त कॉफी प्यायलेला. सतार न आणता गाण्याचा पायाच असा घालायचा की तो हलणार नाही, हे मला उदबत्तीपेक्षा जास्त 'पूर्वेकडचं' वाटतं.

शेवटी व्हायोलिन येतं आणि गाणं वरातीसारखं वेग पकडतं. ते वाजवलंय डेव्ह आर्बसनं, 'ईस्ट ऑफ ईडन' या ब्रिटिश बँडचा व्हायोलिनवादक. त्या बँडचा 1969 चा 'मर्केटर प्रोजेक्टेड' पौर्वात्य रंगाच्या प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी अजून शोधून ऐकला जातो.

आणखी एक गंमत. 'बाबा ओ'रायली' हे शब्द गाण्यात एकदाही येत नाहीत. त्यामुळे जगातले निम्मे लोक हे गाणं दुसऱ्याच नावानं ओळखतात. 12 ऑगस्ट 2012 ला लंडन ऑलिंपिकच्या समारोपात 'द हू'नं ते वाजवलं तेव्हा स्टेडियममधल्या किती जणांना त्या नावातलं नगर दिसलं असेल? मला टीव्हीसमोर बसून दिसलं नव्हतं, एवढं नक्की.

शब्द नसलेली आवृत्ती

खरी गोष्ट मात्र वेगळ्याच रेकॉर्डवर आहे. टाउनशेंड आणि ब्रिटनमधले मेहेरप्रेमी मिळून घरगुती अल्बम काढत. 1970 चा 'हॅपी बर्थडे', 1972 चा 'आय ॲम', 1976 चा 'विथ लव्ह'. मोजक्याच प्रती. 'हॅपी बर्थडे'मध्ये त्यानं कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' वाजवलंय, कारण ते बाबांचं आवडतं गाणं. बाबांच्या इच्छेनुसार 1969 मध्ये त्यांच्या देहाजवळही तेच लावलं होतं. या प्रतींच्या चोरट्या नकला इतक्या विकल्या जाऊ लागल्या, की शेवटी 1972 मध्ये टाउनशेंडनं त्यातली गाणी आणि काही नवी घेऊन 'हू केम फर्स्ट' हा रीतसर सोलो अल्बम काढला. त्यातलं 'परवरदिगार' म्हणजे बाबांनी 1953 मध्ये दिलेल्या प्रार्थनेला लावलेली चाल. 1915 मध्ये शिर्डीत साईबाबांनी तरुण मेरवानला बघून 'परवरदिगार' अशी हाक मारली, असं सांगतात.

'आय ॲम'वर 'बाबा ओ'रायली' आहे, पण आपलं नेहमीचं नाही. पावणेदहा मिनिटांच्या आसपासचं, पूर्ण वाद्यांचं. गायक नाही, ओरडणं नाही, तरुणाईचा राग नाही. ऑर्गन फिरतो, फिरत राहतो.

पहिल्यांदा ऐकताना मी तिसऱ्या मिनिटाला फोन बघितला. पाचव्या मिनिटाला ईमेल उघडला. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, की मी कुणीतरी गायला लागायची वाट बघतेय. आणि ते होणारच नाहीये. हिट झालेलं गाणं 'द हू'चं आहे, बाबांवरचं गाणं हे आहे. जो माणूस 44 वर्षं बोलला नाही, त्याचं चित्र शब्दांत कसं काढणार? शब्द काढूनच टाकायला हवेत. मी भक्त नाही, घरात कुणी नाही. तरी हे मला पटलं.

शनिवारी, दौंड रोडवर

आता जरा घरचं. माझं आणि पप्पांचं फार बोलणं होत नाही. इंजिनिअरिंगची सीट सोडून मी मास कॉम घेतलं, तेव्हापासून. भांडण नाही. फोन रोज येतो. "जेवलीस?" "हो." "बरं, ठेवतो." चाळीस सेकंदांच्या वर कॉल जात नाही.

शनिवारी नगरला गेले आणि म्हटलं, "पप्पा, मेहेराबादला जायचंय. लेखासाठी. चला ना."

"मी कशाला?"

"रस्ता दाखवायला."

नऊ-दहा किलोमीटरचा सरळ रस्ता, गूगलला पाठ आहे. त्यांनाही ते माहीत होतं. तरी ते आले. स्टेशन मागे टाकून ॲक्टिव्हा दौंड रोडला लागली आणि मागून आवाज आला. पप्पा सव्वीस वर्षं दौंडला नोकरीला होते, रोज पॅसेंजरनं. रूळ मेहेराबादमधूनच जातात, खालचं मेहेराबाद एका बाजूला, टेकडीवरचं दुसऱ्या बाजूला. "31 जानेवारीला गाडीत पाय ठेवायला जागा नसायची," ते सांगत होते. "आंध्रातले लोक, गुजरातेतले, सॅकवाले गोरे. एकदा नगर स्टेशनावर एक गोरा गिटार घेऊन उतरला. माझ्याकडे बघून हसला."

टाउनशेंड असेल? मी गाडी जवळजवळ थांबवलीच. सन विचारलं. 1989. टाउनशेंडच्या भारतातल्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग 1976 चं आहे. जाऊ दे.

टेकडीवर समाधीची छोटी पांढरी घुमटाची इमारत आहे. छताच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांची चिन्हं. आत भिंतींवर 1938 मध्ये हेलन डाम या स्विस चित्रकर्तीनं काढलेली चित्रं. डोकं टेकवा, बसा किंवा नुसते उभे राहा, कुणी काही म्हणत नाही. आरतीनंतर लोक आपापल्या भाषेत गाणी म्हणतात. दरवर्षी 31 जानेवारीला, अमरतिथीला, दुपारी बारा ते सव्वाबारा इथं हजारो लोक एकदम गप्प बसतात. पप्पांनी ते एकदा बघितलंय. "एवढी माणसं," ते म्हणाले, "आणि लांबून येणारी मालगाडी ऐकू यायची."

खाली उतरून रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसलो. मी एक इअरफोन त्यांच्या कानात घातला, एक माझ्या. 'आय ॲम'वालं लावलं.

दोन मिनिटांनी पप्पा म्हणाले, "गाणारा कधी सुरू होणार?"

"नाही होणार."

"मग?"

"मग काही नाही. एवढंच आहे."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता इअरफोन काढतील. काढला नाही. गुडघ्यावर बोट हलत होतं. साधारण आठव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर थोडा वेळ तसेच बसले.

"नगरचं आहे म्हणतेस हे?"

"नाव नगरचं. वाजवलं लंडनला."

"बरं आहे," पप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "लेखात लिही मग. नगरचं म्हणून लिही."

लिहिलं, पप्पा. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, तेही लिहिलं. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं 'तू कुठली?', तर 'पुण्याजवळची' म्हणणार नाही.

कानाला लावायचंय?

सुरुवात 'हूज नेक्स्ट'मधल्या नेहमीच्या 'बाबा ओ'रायली'नं करा, पण या वेळी गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त ऑर्गनचा पाठलाग करा. मग टेरी रायलीचा 'अ रेनबो इन कर्व्हड् एअर', साधारण एकोणीस मिनिटं, पुणे-नगर रस्त्यावर शिरूर यायच्या आत आरामात संपेल. त्यानंतर टाउनशेंडचं पूर्ण वाद्यांचं 'बाबा ओ'रायली' लावा. हे ऐकताना ईमेल बंद ठेवा. आणि शेवटी जिभेवर गोड म्हणून बॉबी मॅकफेरिनचं 1988 चं 'डोंट वरी, बी हॅपी'. त्याला हे शब्द मेहेरबाबांच्या एका पोस्टरवरून सुचले आणि त्या अख्ख्या गाण्यात एकही वाद्य नाही. सगळे आवाज त्याच्याच तोंडाचे.

एकाच मौनी माणसावरून एकानं शब्द काढून टाकले, दुसऱ्यानं वाद्यं. दोन्ही ऐका आणि मग एखाद्या रविवारी दौंड रोडला गाडी वळवा. सोबत कुणाला तरी घ्या. विशेषतः ज्याच्याशी बोलणं जरा कमी झालंय, त्याला.